नानांचं मैदान

७ ऑक्टोबर ५६, रविवार
नानांची शोकसभा. जाऊन सव्वा महिना झाला. दसरा मैदानावर त्यांनी खो-खो शिकवलेली सगळी पोरं आली होती. आता मिशा, पोटं, नोकऱ्या. गोपाल बोलायला उठला. एके काळी नानांचा कॅप्टन, आता मिलमध्ये आहे. "नाना हमारे बाप थे," म्हणाला आणि रडला. सगळ्यांनी माना हलवल्या. मी, त्यांची सख्खी मुलगी, पहिल्या रांगेत.
मग माझे कोण होते?
मला बोलायला सांगितलं. "आपण आलात, बरं वाटलं." एवढंच. घरी येऊन नानांच्या फोटोचा हार ताटात आपटला. आई म्हणाली, "हळू. शेजारी ऐकतील."

९ ऑक्टो.
लिहून टाकते, नाहीतर आईसमोर तोंडातून जाईल.
मला टायफॉइड झाला तेव्हा नाना टीम घेऊन ग्वालियरला. आठ दिवस. परत आले ते शील्ड घेऊन, आणि ती माझ्या उशाशी ठेवली. जसं काही औषधच! माझ्या कपाळाला हात लावून बघितलं नाही. गोपालच्या बुटाचा नंबर पाठ होता त्यांना. मी कितवीत आहे ते आईला विचारायचे.

१२ ऑक्टो.
शाळेत आठवी-नववीच्या अकरा मुली मागे लागल्यात, बाई, खो-खो शिकवा. शाळेच्या अंगणात नुसते दगड. हेडबाई म्हणाल्या, मैदानाचं बघा, मग परवानगी देते. नानांच्या मंडळाला अर्ज दिला, मैदान त्यांच्याच ताब्यात. सकाळी सहा ते सात. मुलं साडेसातला येतात, आता गोपालच शिकवतो त्यांना, म्हणजे कुणाची अडचण नाही. नाही म्हणायला जागाच नाही.

२१ ऑक्टो., रविवार
जागा सापडली त्यांना.
गोपाल स्वतः पत्र घेऊन आला. उभ्यानेच. "ताई, कमेटीने मना कर दिया. नाना होते तो वे भी..." पुढचं गिळलं त्याने.
थोबाडीत द्यावीशी वाटली. खोटं बोलला असता तर दिलीही असती. पण खरंच आहे. नानांनी नाहीच म्हटलं असतं. अकरा वर्षांची असताना मी विचारलं होतं, मला घ्या ना. "मुलींचं काय काम मैदानात?" एवढंच, आणि शिट्टी वाजवत गेले. खांबावरचं वळण मी भिंतीवर बसून शिकले, बघून बघून.
गोपाल निघाला तेव्हा राहवलं नाही. विचारलं, "नाना माझ्याबद्दल कधी काही बोलायचे?"
खूप वेळ आठवत राहिला बिचारा. मग म्हणाला, "ताई, मैदान पे घर की बात नहीं करते थे."
का विचारलं मी?

२३ ऑक्टो.
आईवर ओरडले. तू का नाही बोललीस कधी त्यांना? आई डाळ निवडत होती. मान वर न करता, "तुझा राग मला नको दाखवू. तीस वर्षं त्या पोरांसाठी हरभरे भिजत घातले मी. मला कुणी विचारलं, तुला काय आवडतं?"
डाळ निवडून झाली तरी ती बोटं फिरवत होती सुपात.

१ नोव्हेंबर, गुरुवार
आपलं मध्यभारत राज्य आज संपलं. टावर चौकात झेंडे, भाषणं, नवं राज्य. समोरचे जोशी ऑफिसबरोबर भोपाळला चालले, त्यांच्या दारात ट्रंका.
दिवाळीची सुट्टी, तरी अकराच्या अकरा मुली सहाला मैदानावर. पहार घरून नेली. दोन्ही खांब आम्हीच गाडले. आठ जणी बसवल्या, एक पकडणारी, दोघी पळणाऱ्या.
साडेसहालाच गोपाल पोरांना घेऊन आला. कुणीतरी सांगितलं असणार.
"ताई, कमेटी का लेटर दिया था ना आपको?"
"त्या लेटरवर मध्यभारत छापलंय. ते राज्य आजपासून नाही."
पोरं हसली. तोही हसला, मग आवरलं. तेवढ्यात शारदा चुकली आणि मी ओरडले, "पायाकडे नको, खांद्याकडे बघ, गाढवा!"
पोरांनी एकदम वळून बघितलं. नानांचंच वाक्य. माझा इतका संताप झाला! माझं म्हणून काहीच ठेवलं नाही का या माणसाने?
गोपालची नजर खाली. "मैं सेक्रेटरी साहब को लाता हूँ," म्हणाला. सायकलवर बसून गेला. पोरं भिंतीवर चढून बसली. आम्ही दुसरा डाव सुरू केला. सात वाजले, साडेसात वाजले. कुणी आलं नाही.
उद्या लक्ष्मीपूजन. परवा पुन्हा सहाला बोलावलंय.
निघताना शारदाने विचारलं, "बाई, खांब उपटून ठेवायचे?"
म्हटलं, राहू देत.