कोरा राहिलेला अर्ज

फोर्ट केंट, मेन
१४ एप्रिल २०१९

लाडक्या नोएला,

अनेक आशीर्वाद. माझं बरं आहे. गुडघा कुरकुरतो, पण ते तुझी आई होती तेव्हापासूनच. नदीवरचा बर्फ परवा फुटला. तो आवाज ऐकला की अजून मी तुला हाक मारायला वळतो.

आठवतं? बटाटे काढायला शाळेला तीन आठवडे सुट्टी असायची. दिवसभर टोपल्या भरायच्या आणि परतताना ट्रकमध्ये क्रमिक पुस्तकातली ती नदीची कविता म्हणायची. एक ओळ माझी, एक तुझी. शेवटची नेहमी तुझी. तेव्हा तो ट्रक अजून आपला होता. हल्ली मी एकटाच म्हणतो आणि शेवटच्या ओळीपाशी थांबतो.

तुझ्या कोलेटने आजोबाला फोन केला होता. "पेपेर, मला कॉलेजात घेतलं," म्हणाली आणि लगेच माझ्या गुडघ्याचं विचारू लागली. नात कुणाची! खोदून विचारलं तेव्हा कळलं, वर्षाला चार हजार डॉलर कमी पडताहेत. पालकांना मिळतं ते सरकारी कर्ज तू मागत नाहीयेस, कारण घटस्फोटानंतर तुझे हप्ते थकले. "मम्मा म्हणते, नकारच यायचाय, तर तोंड कशाला दाखवायचं?"

पोरी, हे वाक्य माझं आहे.

शेजारच्या डोरिस सीरला विचारलं. तिचा जन्म शाळेच्या कचेरीत गेला. कॉफी ढवळत म्हणाली, "आर्मां, म्हातारा झालास पण गाढव तो गाढवच. आईला किंवा बापाला नकार आला की मुलीला तिच्या स्वतःच्या नावावर जास्तीचं कर्ज मिळतं. तो नकारच तर हवा असतो."

नोएलाच्या वेळीही असंच होतं का, मी विचारलं.

"होतं की."

माझी कॉफी तशीच राहिली.

शहाण्णव साली मी तुला सांगितलं, तुझ्या कॉलेजसाठी त्याच कर्जाचा अर्ज केला, ते नाही म्हणाले. मी अर्ज केलाच नव्हता. तुझ्या आईच्या आजारपणाची थकलेली बिलं, बँकेने ओढून नेलेला ट्रक, हे सगळं नकाराच्या कागदावर छापून घरी येईल आणि तू वाचशील, याची लाज वाटली. तू कॉलेजचा नाद सोडून दक्षिणेला माशांच्या कारखान्यात गेलीस. तेवीस वर्षं मी मनाला सांगत आलो की, उत्तर तर नकारच होतं, मी फक्त टपालाचा खर्च वाचवला.

तो अर्ज कवितेच्या पुस्तकात ठेवला होता. सोबत पाठवतोय. माझं नाव लिहिलंय, पुढे कोरा आहे. रागव, फाडून टाक, पण आधी तुझा अर्ज भर. ते कर्ज कोलेटच्याच डोक्यावर बसेल. घ्यायचं की नाही, ते तिला ठरवू दे. आपल्या लाजेने तिचं दार लावू नकोस.

नकाराचा कागद आला की फोनवर सांगू नकोस, घेऊन ये. मी कुट्टूच्या पिठाची धिरडी टाकीन, तुझ्या आईसारखी जमत नाहीत तरी. मग बटाट्याच्या शेतांकडे चक्कर मारू आणि परतताना गाडी हळू चालवू, म्हणजे कविता पुरी होईल.

शेवटच्या ओळीपाशी थांबलेला,
तुझा पापा