बुधवारच्या चिठ्ठ्या आणि माझे घर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सदुसष्ट, धर्म ख्रिस्ती, इस्पितळात चौतीस वर्षे एक्स-रे काढून निवृत्त झालेला, विधुर, दोन मुलांचा बाप, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, माझ्या हाताने आणि कोणी शेजारी बसून न सांगता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. इतर लोक हे वाक्य रीत म्हणून लिहितात. मला ते लिहावे लागते, कारण माझा थोरला मुलगा गेले तीन आठवडे घरोघर सांगतो आहे, "बाबांचं डोकं फिरलंय, त्यांच्यासाठी प्रार्थना करा." म्हणून आमच्या डॉक्टरांकडून रीतसर दाखला घेतला. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत गेलो आणि विचारले, खाली उतरू का अजून? दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. दोन वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्या कागदाने मी हे घर माझ्या पश्चात आमच्या मंडळीला, म्हणजे चर्चला, प्रार्थनागृह करण्यासाठी दिले होते. त्यावर सही मी याच दिवाणखान्यात, चोवीस माणसांच्या देखत, गाणे चालू असताना केली. सही होताच टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या गजरात माणूस कशावरही सही करतो. थोरला कमिटीवर असल्यामुळे त्या कागदाची प्रत त्याच्याकडे आहे. त्याने ती फाडावी किंवा चौकटीत बसवून भिंतीवर लावावी, मला दोन्ही सारखेच.

कलम २. हे घर, तीन खोल्या, वरची गच्ची आणि मागचे अंगण यांसह, माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ते मी माझ्या मुलीला देत आहे. एकटीला. बिनशर्त. तिने राहावे, विकावे, भाड्याने द्यावे, पाडून टाकावे. या घरात पुन्हा बुधवारची प्रार्थनासभा भरू नये अशी माझी इच्छा आहे, पण तीही अट नाही. तिला अट घालण्याचा माझा हक्क नऊ वर्षांपूर्वी संपला.

कलम ३. मुलाला वगळून मुलीला का, असे विचारले जाईल. थोरल्याच्या वकिलाने तर विचारावेच. म्हणून कारण लिहून ठेवतो.

बारा वर्षे दर बुधवारी संध्याकाळी सहाला माझ्या दिवाणखान्यात सभा भरत असे. चोवीस प्लास्टिकच्या खुर्च्या, दाराशी चपलांचा ढीग आणि मध्ये टीपॉयवर बिस्किटांचा रिकामा डबा. ज्याला ज्या गोष्टीसाठी प्रार्थना हवी ती त्याने चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायची. मग पाळकसाहेब एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचत आणि सगळे मिळून प्रार्थना करत. पाळकसाहेबांची शिकवण अशी, "मोघम लिहू नका. कोण, कुठे, काय, सगळं प्रभूपुढे मांडा." प्रभूला सर्व काही ठाऊक असते असेही तेच रविवारी सांगत. दोन्हींचा मेळ कसा बसतो हे मी बारा वर्षांत एकदाही विचारले नाही. मी पहिल्या रांगेत बसत असे, यजमान होतो ना.

कोणाचा नवरा पितो, कोणाची सून जेवायला वाढत नाही, कोणाच्या मुलाला कुठल्या डॉक्टरकडे नेले, हे सगळे गुरुवारी सकाळपर्यंत भाजीच्या दुकानात पोचलेले असे. त्याला निंदा म्हणत नसत. "प्रार्थनेत आठवण ठेवा हं," असे म्हणून ते पुढे सरकत असे. आमच्यात एक गृहस्थ होते, प्रत्येक वाक्यामागे "होय प्रभू" म्हणणारे. बायकांचे काही दुखणेखुपणे असले की त्यांचे "होय प्रभू" दुप्पट जोरात येत असे. त्यांना मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही.

माझी मुलगी लग्नानंतर चार वर्षे तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन करत होती. जावई चर्चमध्ये गिटार वाजवायचा. चांगला वाजवायचा, हेही लिहितो, मला खोटे लिहायचे नाही. एका गुरुवारी ती दुपारी माझ्याकडे आली, पिशवी खाली न ठेवता उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मी त्याला सोडलंय. बेकरीच्या वर खोली घेतलीये. फक्त तुम्हाला सांगते आहे. दादालासुद्धा नका सांगू."

मी म्हणालो, "माझ्या पोटात राहील."

सहा दिवस राहिले. सातव्या दिवशी बुधवार होता. मी चिठ्ठी लिहिली, "माझ्या मुलीसाठी. नवऱ्यापासून वेगळी झाली आहे. बेकरीच्या वरच्या खोलीत एकटी आहे. प्रभूने तिला सांभाळावे." कोण, कुठे, काय. एकही गोष्ट सुटली नाही. काळजीपोटी लिहिले असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगितले. काळजी होतीच. पण सगळ्यांनी एकदा माझ्याकडे वळून बघावे, पाठीवर हात ठेवावा, हेही मनात होते. आणि तसे झाले. चौघांनी पाठीवर हात ठेवला. मला फार बरे वाटले.

तिसऱ्या खुर्चीवर जावयाची आत्या बसली होती. सगळ्यांत जास्त तीच रडली.

शनिवारी सकाळी जावई बेकरीचा जिना चढला.

मी त्या दिवशी ड्यूटीवर होतो. बेकरीच्याच जिन्यावर एका दंतवैद्य बाईंचा दवाखाना आहे. त्यांनी आरडाओरडा ऐकला, त्याला हाकलले आणि मुलीला आमच्या इस्पितळात आणले. कागदावर नाव वाचले तेव्हा मी एक्स-रे फिल्मची कॅसेट हातात धरून उभा होतो. ती आत आली. मी जे सगळ्यांना सांगतो तेच सांगितले, हात सपाट ठेव, हलू नकोस. फिल्म धुऊन आली आणि मी ती उजेडावर धरली.

"काय दिसतंय बाबा?" तिने विचारले.

आमच्या कामात एक नियम असतो. एक्स-रे काढणाऱ्याने पेशंटला काही सांगायचे नाही. ढळढळीत दिसत असले तरी नाही. चौतीस वर्षे मी तो पाळला. सख्ख्या शेजाऱ्याच्या छातीत मला डाग दिसला होता आणि मी त्याच्याशी बसथांब्यापर्यंत क्रिकेटवर बोलत गेलो होतो.

मी म्हणालो, "डॉक्टर सांगतील."

तिने हात टेबलावरून उचलून छातीशी धरला. मग म्हणाली, "इथे बरं तोंड बंद ठेवता येतं तुम्हाला."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. महिनाभरात गाव सोडून गेली. कुठे गेली हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही तेच ठीक आहे.

कलम ४. माझा थोरला मुलगा. बहिणीचा हात प्लास्टरमध्ये असताना हा तिला समजवायला गेला की बायकोने घर मोडू नये. पुढच्या बुधवारी पाळकसाहेबांनी "दोन्ही बाजूंसाठी" प्रार्थना केली, आणि जावई आजही रविवारी गिटार घेऊन पुढे उभा असतो. चोराच्या उलट्या बोंबा असतात हे ऐकून होतो, सुरात असतात हे आमच्या चर्चमध्ये कळले. आणि मी? मी नऊ वर्षे खुर्च्या मांडत राहिलो. सभा बंद केली असती तर लोकांनी विचारले असते, का बंद केली. त्या प्रश्नाची मला भीती वाटत होती. वर घरही लिहून दिले. लोक त्याला भक्ती म्हणाले.

तीन आठवड्यांपूर्वी डब्यातून एक चिठ्ठी निघाली. एका सासूने लिहिले होते की सून नातवाला घेऊन घरातून निघून गेली आहे. पाळकसाहेब थांबले आणि म्हणाले, "कुठे राहते आता ती? कुणाला माहीत असेल तर सांगा, प्रार्थनेला सोपं जाईल." मागून कोणीतरी तोंड उघडले. मी उठलो, चिठ्ठी हिसकावून घेतली आणि म्हणालो, "निघा. सगळे निघा माझ्या घरातून." थोरला मध्ये पडला, "बाबा, देवाच्या माणसांशी असं बोलतात?" मी त्याची खुर्ची तो बसलेला असतानाच ओढली. माझे डोके फिरल्याचा पुरावा तो हाच देतो. बारा वर्षांत माझे डोके ठिकाणावर असल्याचा तो एकच दिवस.

थोरल्याला मी चोवीस प्लास्टिकच्या खुर्च्या देत आहे. एकीचा पाय मोडला आहे, वर लिहिलेल्या कारणामुळे. माझा मुलगा आहे, त्याचे वाईट व्हावे असे मला वाटत नाही. पण या घराचा एक खिळासुद्धा त्याला मिळू नये.

कलम ५. बँकेत जे काही शिल्लक असेल ते माझ्या सुनेला. या बाईने बारा वर्षे दर बुधवारी पंचवीस कप चहा केला आणि डब्यात स्वतःची एकही चिठ्ठी टाकली नाही. तिला काय हवे असेल हे तिच्या नवऱ्यालाही कळलेले नाही. रक्कम तिच्या एकटीच्या खात्यात जमा व्हावी. नवरा "किती मिळाले" असे विचारेल. सांगू नये, ही सासऱ्याची आज्ञा समजावी.

कलम ६. बिस्किटांचा डबा. बारा वर्षांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. कोणी मागितल्या नाहीत आणि मी टाकल्या नाहीत. त्यांत पाळकसाहेबांच्या घरच्या दोन आहेत. आत्याबाईंच्या सात. "होय प्रभू" यांच्याबद्दल त्यांच्या बायकोने लिहिलेली एक आहे, ती वाचली गेली त्या दिवशी ते आले नव्हते. या कलमात त्या एकेक करून उतरवाव्यात असा माझा बेत होता. काल दुपारी तशी पाच पाने लिहिली. हात शिवशिवत होता. मग दिसले की मी पुन्हा तेच करतो आहे, फक्त या वेळी प्रार्थनेचे नावही घेत नाही. पाने चुलीत घातली. डबाही न वाचता मागच्या अंगणात जाळावा. त्यातली एक चिठ्ठी, माझी, मी बाहेर काढून ठेवली आहे.

कलम ७. माझ्या अंत्यविधीला गिटार नको. थोरल्याने माझ्याबद्दल साक्ष देऊ नये. पाळकसाहेबांनी छापील पुस्तकातले वाचावे आणि थांबावे. माझ्यासाठी प्रार्थना करायचीच असेल तर मोघम करावी. तपशील प्रभूला ठाऊक आहेत. विश्वास माझा गेलेला नाही. हल्ली मी न्हाणीघरात नळ सोडून प्रार्थना करतो, म्हणजे ऐकायला तो एकटाच असतो.

कलम ८. हे मृत्युपत्र अंमलात आणण्यासाठी मी त्या दंतवैद्य बाईंना व्यवस्थापक नेमतो. त्या आमच्या चर्चच्या नाहीत. माझी मुलगी कुठे आहे हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे, त्या वेळी तिला तिथे पोचवले तेही त्यांनीच. कवळी बसवायला मी त्यांच्याकडे जात असे. नऊ वर्षांत दोनदा त्यांना विचारले. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "काका, ते माझं सांगायचं नाही. आ करा." पहिल्या वेळी मला राग आला. दुसऱ्या वेळी खुर्चीतून उठताना मी त्यांना नमस्कार केला. बापाच्या पोटात सात दिवस न राहिलेली गोष्ट ज्या बाईच्या पोटात नऊ वर्षे राहिली, तिच्याच हाती मी माझे सर्व सोपवतो. मुलीचा पत्ता कोणत्याही कागदावर, कोर्टातही, शक्य असेल तोवर उघड करू नये.

कलम ९. तिच्या आईचे पवित्र शास्त्र, तिला हवे असल्यास. नको असल्यास नको.

कलम १०. कपाटाच्या वरच्या कप्प्यात तपकिरी पाकीट आहे. त्यात ती फिल्म आहे. इस्पितळातली नक्कल मी न विचारता आणली, ती एवढी एक चोरी. सोबत माझी चिठ्ठी. पाकीट मुलीला द्यावे आणि त्याबरोबर हे कलम, बाकीचे तिने वाचले नाही तरी चालेल.

बाळा, तू विचारलेस त्याचे उत्तर द्यायचे राहिले. वरातीमागून घोडे, ठाऊक आहे मला. उजव्या मनगटाजवळ दोन्ही हाडे मोडली आहेत. लहान हाड सरळ तुटले आहे, मोठे पिरगळल्यासारखे. पडून असे मोडत नाही. कोणीतरी हात धरून मुरगाळला की असे मोडते. मला हे पहिल्या नजरेत दिसले होते. आणि त्याला तुझ्या दारापर्यंत मी पोचवले, हेही त्याच क्षणी दिसले होते. डॉक्टरांनी सांगायचे त्यात काही नव्हते. ते मी सांगायला हवे होते.

हे सर्व मी राजीखुशीने लिहून, साक्षीदारांना समोर बसवून, त्यांच्यादेखत सही केली. दोघांनीही मजकूर वाचलेला नाही. वाचू का, असे प्लंबरने विचारले होते, मी नाही म्हणालो.

सही: (मृत्युपत्र लिहून ठेवणाऱ्याची)

साक्षीदार १: न्हाणीघराचा नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर. सही.
साक्षीदार २: पलीकडच्या गल्लीतील निवृत्त ग्रंथपाल बाई. सही.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघराचे टेबल.
तारीख: दाखल्यावरचीच. बुधवार, संध्याकाळचे सहा. खुर्च्या मांडलेल्या नाहीत.