निळ्या वह्यांतलं नाव

प्रिय संपदा,

गेल्या गुरुवारी सकाळी मी भात लावला, कपडे वाळत घातले आणि तुझ्या बाबांच्या लिखाणाच्या कच्च्या कागदांचा गठ्ठा सुतळीने बांधून खाली नेऊन ठेवला. इथे जपानात, सेंदाईत रद्दी अशीच बांधून द्यावी लागते. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, आता कच्चे कागद कशाला, असं तूही म्हणाली होतीस. अर्ध्या तासाने पुठ्ठे घेऊन पुन्हा खाली गेले. रद्दीची गाडी अजून आली नव्हती. सगळ्यांची वर्तमानपत्रं जागच्या जागी होती, फक्त आपला गठ्ठा नव्हता. लागला असेल कुणाला, असं म्हणून मी वर आले.

तू बाबांच्या चीनच्या प्रवासाच्या निळ्या वह्या मागते आहेस, पुस्तक करायचं म्हणून. त्या मी तीनदा वाचल्यात. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं. इथली लिपीसुद्धा मी कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा त्या तक्त्यावरून शिकले, पण बाबांचं चीन मला तोंडपाठ आहे. आगगाडीत अनोळखी बाईने सोलून दिलेली संत्री, लेण्यांमधली थंडी, आणि बागेत फरशीवर मोठ्या कुंचल्याने नुसत्या पाण्याने अक्षरं काढणारे म्हातारे गुरुजी. ओळ संपेपर्यंत पहिलं अक्षर वाळलेलं असायचं. त्यांच्या भावाला एका पहाटे सरकारी माणसांनी घरातून नेलं, तो परत आला नाही. हे त्यांनी फक्त बाबांना सांगितलं, आणि बाबांनी गुरुजींच्या नावासकट, गल्लीसकट लिहून ठेवलं. नाव नका लिहू, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. ते हसले. म्हणाले, अगं, तिथे मराठी कोण वाचतंय?

कच्च्या कागदांत नाव नव्हतं, नुसतं 'बागेतले गुरुजी' होतं.

परवा, सोमवारी, दुपारी फोन आला. नंबर दिसत नव्हता. आधी जपानीत माझं नाव विचारलं, मग स्वच्छ मराठीत नमस्कार वहिनी म्हणाला. आपल्या माणसाचं मराठी नव्हे ते, शिकलेलं, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. सरांचं लेखन फार आवडलं म्हणाला. मी विचारलं, कुठे वाचलंत? त्याने उलट अगदी अदबीने विचारलं, ते बागेतले गुरुजी अजून हयात आहेत का, त्यांचं नाव काय, मूळ वह्या तुमच्याकडेच आहेत ना. शनिवारी येऊ का, म्हणाला. पत्ता विचारला नाही.

गुरुजी हयात आहेत, संपदा. नवीन वर्षाचं त्यांचं कार्ड यंदाही आलं होतं.

तू रागावशील. बाबांचं अक्षर होतं, तुझाही हक्क होता. हे फोनवर बोलायचं नाही म्हणून पत्र. तुला कुणी विचारलं तर वह्या आईने टाकल्या असं सांग. ते खरंच आहे.

काल सकाळी मी टबात गरम पाणी सोडलं, चौदाही वह्या त्यात घातल्या, शाई सगळी सुटेपर्यंत हाताने कालवत बसले. आज तो लगदा पिशवीत भरून खाली नेला आणि गाडी नजरेआड होईपर्यंत तिथेच उभी राहिले.

तुझीच,
आई