पाणी उतरलं म्हणजे पिकलं न्हाई

१८ जानेवारी, मुरुड
द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरलं! कालपर्यंत गोटीसारखा टणक होता, आज चिमटीत मऊ लागला. बांधावरूनच ह्यांना ओरडून सांगितलं. धाकटे दीर, महेशभाऊजी, पंप धूत होते. "वहिनी, म्हंजे चांगलं का वाईट?" म्हटलं, लई चांगलं!
चव आंबट ढाण. असणारच. साखर आता कुठं यायला लागली. आंबटपणातलं मॅलिक ॲसिड हळूहळू जळेल, टार्टारिक राहील. महिनाभर तरी थांबायचं. पहिलं पीक आहे. हे नीट निघालं तरच बाग राहणार, नाहीतर वेली उपटून परत सोयाबीन. मामंजींचा शब्द.

२४ जानेवारी, नांदेड
माहेरी आलेय. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ठीक. ह्यांना फोन केला, बागेचं विचारलं. "हाय की, ठीक हाय." आवाज ठीक नव्हता.

२७ जाने., मुरुड
अर्धी बाग बोडकी! रस्त्याकडच्या साऱ्या ओळी कापल्या. लातूरचा व्यापारी आला, पहिल्या मालाला भाव चांगला म्हणाला, आणि भाऊजींनी कात्री लावली. मी इतकी ओरडले की बाया काम सोडून बाजूला झाल्या.
"तुम्हीच म्हणला की वहिनी, पाणी उतरलं, लई चांगलं."
"अहो, पाणी उतरलं म्हणजे पिकायला लागलं! पिकलं नाही!"
"मग पेटीत पिकतील की. आंबे न्हाईत का पिकत आढीत?"
कपाळ माझं. ह्यांना विचारलं, फोनवर का सांगितलं नाही? तर म्हणे, "तुझ्या आईचं ऑपरेशन, तुला कशाला तरास." तरास! जेवले नाही. ह्यांनी एकदाही म्हटलं नाही, जेव म्हणून.

२८ जाने.
राग उतरेना. लिहूनच काढते.
कैरीत पिठाचा साठा असतो, स्टार्च. झाडावरून उतरवली तरी आढीत त्याची साखर होते. द्राक्षात ही पुंजीच नाही. साखर पानांत तयार होते, देठातून रोज थोडी थोडी मण्यात येते, रोजंदारीसारखी. देठ कापला, संपलं. मग पेटीत ठेवा, आढीत ठेवा नाहीतर महादेवाच्या पिंडीपुढं ठेवा. आंबट ते आंबटच, वर सुकणार.
एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री केलं मी. या घरात सांगायला तोंड उघडलं की मामंजी म्हणतात, "बरं बरं, चहा टाक."

३१ जाने.
व्यापाऱ्यानं पेट्या परत आणून अंगणात आदळल्या. मामंजींनी एक मणी तोंडात टाकला, थुंकला. "सूनबाई, तुझी द्राक्षं आंबट निघाली."
माझी! कापताना घराची, आंबट निघाली की माझी. म्हणीतल्या कोल्ह्यानं निदान तोडली तरी नव्हती.
सासूबाई हळूच म्हणाल्या, लोणचं घालू का गं? हसावं का रडावं.

९ फेब्रु.
उरलेल्या ओळींत गोडी चढतेय. साखर मोजायच्या ब्रिक्स मीटरवर रसाचा थेंब ठेवला, अजून कमी आहे. आज भाऊजी आले, एक मणी तोडून खाल्ला. "न्हाई अजून," म्हणाले. ह्या माणसावर धड रागावताही येत नाही. तरी रागावलेलीच आहे.

१६ फेब्रु.
गारपिटीचा इशारा. सकाळपासून अंधारून आलंय. मामंजी म्हणाले, आजच कापा. भाऊजी कात्री घेऊन उभे, "वहिनी, ह्या बारीला तुम्ही सांगाल तसं." हे माझ्या तोंडाकडं बघून राहिले. बाया पण.
इतके दिवस मला विचारा, मला विचारा म्हणून भांडले. विचारलं तर कधी? आभाळ डोक्यावर आल्यावर! मीटरवर साखर अजून कमीच, आज कापली तर परत आंबट. ठेवली आणि गारा आल्या तर चिखल. दोन्हीकडून बोल मलाच. मीटर ढगाला लावता येत नाही.
म्हटलं, थांबा. आणखी आठवडाभर कुणी देठाला हात लावायचा नाही.
"मंग जिम्मेदारी तुझी," मामंजी.
"हाव, माझी. पण गोड निघाली तर तीही माझीच म्हणायची. आत्ता म्हणा."
मामंजी आभाळाकडं बघत घराकडं वळले. हेही त्यांच्यामागं गेले. बाया घरी गेल्या. मी अजून बांधावरच बसलेय, वारा सुटलाय, पान धरून लिहावं लागतंय.