एका ओवनमध्ये दोन वाळवणं

तीर्थस्वरूप शंभूदादांस,

बेळगोळहून दिलीपचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं कळलं, बरं वाटलं. तुमच्या मृण्मयीच्या लग्नासाठी पाठवलेलं सांडग्यांचं पार्सल पोचलं असेल. ते वाळवताना जे झालं, ते तुमच्या बहिणीकडून, म्हणजे मृदुलाकडून, कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो.

आमच्या कारखान्यात (म्हणजे दोन यंत्रं, एक ओवन आणि नागरत्ना नावाची ऑपरेटर, जी मालक मी आहे हे अधूनमधून मान्य करते) कॉफी मशीनच्या हँडलचे नमुने करायचे होते. पास झाले तर वर्षभराचं काम, नापास झाले तर एक यंत्र विकायचं. हँडल पॉलिस्टर प्लास्टिकचं. त्याचा दाणा दिसतो कोरडा ठणठणीत, पण हवेतली ओल गुपचूप पितो. एकशेवीस डिग्रीला चार तास वाळवला नाही, तर वितळतानाच आतून तुटतो आणि त्याची वस्तू जरा तापली की मान टाकते. हे मला कॉलेजाने नाही, फेकून दिलेल्या मालाने शिकवलं. ओला दाणा यंत्राच्या तोंडाशी चटचट वाजतो, आणि ती चटचट मी ऑफिसात बसून, पंखा चालू असताना ओळखतो. (या कानांवर धंदा उभा केला, हे तुम्ही माझ्याकडून पूर्वी ऐकलंय. प्रत्येक दिवाळीला.)

तर आठवडाभर पाऊस. गच्चीवर सांडगे वाळेनात. मग मृदुलाचे सांडगे कारखान्यात आले, दाण्यांचे ट्रे ओवनबाहेर गेले आणि ओवन साठ डिग्रीवर. दाणे दोन दिवस उघडे. "सार, बेडा," नागरत्ना म्हणाली, हे नको, दाणे आधी वाळवू. मी म्हटलं, ओले असतील तर मला ऐकू येईलच की.

सोमवारी गिऱ्हाइकाचे तपासनीस नरसिंहमूर्ती आले. यंत्र सुरू झालं. चटचट आली. पण तेव्हाच मागच्या शेडमध्ये मृदुला पाहुण्यांसाठी सांडगे तळत होती. मी समाधानाने मान डोलावली आणि नागरत्नाला म्हटलं, तेल छान तापलंय.

नरसिंहमूर्तींनी नवं हँडल मशीनला बसवून वाफ सोडली. हँडलने आधी मान टाकली, मग त्याचा तुकडा त्यांच्या कपात पडला. त्यांनी तो चमच्याने काढून बशीत ठेवला, घोट घेतला आणि म्हणाले, "काफी चन्नागिदे." (म्हणजे छान आहे. कॉफी.) मग चार सांडगे खाल्ले. पुढच्या गुरुवारी फेरतपासणी, ती शेवटची.

तेव्हा थोरला भाऊ या नात्याने मृदुलाला जरा समज द्या की ओवन दाण्यांसाठी असतो. माझं ती ऐकत नाही.

आपला,
दिलीप

ता. क. सांडगे ओवनमध्ये लावायची कल्पना माझी होती. ती नकोच म्हणत होती. समज देऊ नका.

आणखी ता. क. आत्ताच नरसिंहमूर्तींचा फोन येऊन गेला. गुरुवारी ते त्यांच्या मोठ्या साहेबांना घेऊन येतायत, हँडल बघायला आणि सांडगे खायला. हँडलचं एकदा म्हणाले, सांडग्यांचं दोनदा. पाऊस थांबलेला नाही, घरातले सांडगे संपलेत, आणि नागरत्नाने ओवन दाण्यांनी भरून त्याला कुलूप घातलंय. किल्ली तिच्या कमरेला. पार्सल फोडलं नसेल तर तसंच परत पाठवा. फोडलं असेल तर चिकटवून पाठवा. मृण्मयीला आशीर्वाद.