कातळावरची वाघाटी आणि काकांची वाट

मी, रितेश अनिल शितप, वय सव्वीस, मूळ राहणार मौजे खैरसडा, तालुका व जिल्हा रत्नागिरी, सध्या कच्छात बंदरावर क्रेनला ग्रीस मारायच्या कामावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. प्यायलेलो नाही. मानेवर बसून कुणी लिहून घेत नाही. आठवीतून उठलेल्या माणसाच्या अक्षराला ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं, पुढे हसण्यासारखं फार नाही.

मरायची मला घाई नाही. पण काम उंचीवरचं आहे, पाय चुकला तर विषय संपला. दुसरं कारण असं की माझे काका, काशीराम शितप, जगात फक्त जमिनीचा कागद शेवटपर्यंत ऐकतात. फोन ते मधेच ठेवतात.

कलम १. हे मृत्युपत्र मी मेल्यावर उघडायचं नसून पोचल्या दिवशीच खळ्यात सर्वांसमोर वाचायचं आहे. वाचणार माझी मथुरा आत्या. तिचं वाचन अडखळतं, पण काकांना "काशा, बस खाली" म्हणणारी गावात ती एकटीच उरली आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम २. माझी मोटारसायकल चुलतभाऊ निलेश याला द्यावी. नाहीतरी तोच फिरवतो आणि माझ्या नावाने पेट्रोल मागतो. 'शितप वनौषधी' असं छापलेल्या पुड्यांचा जो गठ्ठा माझ्या खोलीत माझ्या परवानगीशिवाय ठेवला आहे, तो मात्र त्याने त्याच मोटारसायकलवरून घेऊन जावा आणि जाळावा. वनौषधी. याला शेवग्याचं आणि हादग्याचं झाड वेगळं सांगता येत नाही.

कलम ३. कातळावरच्या झुडपाबद्दल. हे कलम नीट वाचावं, आत्या, घाई करू नकोस.

माझ्या हिश्शाच्या कातळावर, दगड रचलेल्या कुंपणाच्या गडग्याला धरून एक काटेरी वेल-झुडूप आहे. माझी आई, कै. सत्यवती, दरवर्षी आषाढी द्वादशीला त्याची हिरवी फळं काढायची, उकडून, दोनदा पाणी टाकून कडूपणा घालवायची आणि भाजी करून त्यावर उपास सोडायची. तेव्हा सगळं घर त्याला वाघाटी म्हणत होतं. काकासुद्धा दोनदा वाढून घेत.

मग आईला क्षय झाला. सरकारी दवाखान्यातून फुकट गोळ्या मिळत होत्या. काकांनी त्याच झुडपाची फळं वाळवली, कुटली आणि म्हणाले ही रुदंती, क्षयावर रामबाण. गोळ्यांनी आईला मळमळायचं, पुडीने काहीच व्हायचं नाही. काहीच होत नाही म्हणजे मानवली, असा काकांचा वैद्यकशास्त्रातला शोध. आईने गोळ्या सोडल्या. जी भाजी ती स्वतःच्या हाताने चिरत होती, तीच तिला चमच्याने औषध म्हणून दिली आणि तिने दिराचा मान ठेवून घेतली. वाळलेली पूड कशाची ते कोण विचारतं? मी तेव्हा लोट्याला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये होतो. आलो तेव्हा तिची तिरडी बांधत होते.

लोट्यानंतर जयगड, जयगडनंतर कच्छ. याचं बूड कुठे टेकत नाही, असं काका चारचौघांत सांगतात. ज्यांचं टेकलंय ते बसल्याजागी काय करतात ते वर लिहिलंच आहे.

इथे कच्छात मेसमध्ये केरड्याचं लोणचं असतं. केरड्याचं झुडूप यार्डाच्या कुंपणाबाहेर आहे. पानं जवळजवळ नाहीत, फूल लालसर, पण फुलातून मांजराच्या मिशांसारखे लांब तंतू बाहेर. ते बघून मला घरची वाघाटी आठवली. लोणचंवाल्या म्हातारीने सांगितलं, ही सगळी एकाच गोताची, काटा तोच, फूल तसंच. पण गोत एक म्हणून झाड एक होत नाही. माझं आणि निलेशचं आडनाव एकच आहे, म्हणून त्याच्या सहीने माझा सातबारा फिरत नाही.

शिमग्याला घरी आलो तेव्हा वाघाटी फुललेली होती. आत्याने मला खालच्या देवराईत नेऊन खरी रुदंती दाखवली. आईच्या वेळी ती सासरी होती, घरच्या पुडीत काय आहे ते तिला कधी कुणी दाखवलंच नव्हतं. फरक आंधळ्यालाही हाताने कळेल असा आहे. वाघाटीची फुलं पानाच्या बगलेत, एकावर एक अशी ओळीत येतात. रुदंतीचा झुबका फांदीच्या टोकाला, आणि एकेक फूल तळहाताएवढं. वाघाटीचं फळ लिंबाएवढं, पिकलं की लाल. रुदंतीचं फळ बेलफळासारखं मोठं. दोन्ही फांद्या मी काकांसमोर आणून ठेवल्या. काका म्हणाले, "झाडाला काय आधारकार्ड हाय? मी ठेवीन ते नाव." मग म्हणाले, हे रुदंतीचंच पोर, अजून वाढीला लागलं नाही. ज्या झुडपाला आजोबांच्या वेळेपासून लिंबाएवढीच फळं येतात ते काकांच्या मते अजून पाळण्यात आहे.

आणि खरी रुदंती असती तरी गोळ्या सोडायच्या नव्हत्या. हे वाक्य आत्याने दोनदा वाचावं.

कलम ४. माझी बहीण राही हिला गेल्या महिन्यात तोच आजार निघाला. गोळ्या सुरू आहेत. परवा फोनवर म्हणाली, "दादा, काका म्हणतायत गोळ्यांनी अंग पेटतं. थोडे दिवस पूड घेऊन बघू का?"

एवढ्यासाठी हा कागद.

कलम ५. कातळाचा माझा हिस्सा, ज्यावरून काकांच्या हापूसच्या कलमांकडे जायची एकमेव वाट आहे, तो राहीला द्यावा. अट एकच. दवाखान्यातला डॉक्टर "कोर्स पुरा झाला" असं लिहून देईल तेव्हाच. राहीने गोळ्या सोडल्या किंवा कुणी तिला ती पूड चाटवली, तर तो हिस्सा वाटेसकट गडग्यापलीकडच्या तुळसा आग्रे यांना जाईल, ज्यांच्याशी काका पायवाटेवरून भांडून कोर्टाची पायरी चढले आणि हरले. त्यासाठी मी मरायची वाट बघणार नाही. बक्षीसपत्र करून टाकीन. तुळसाकाकूंशी बोलणं झालं आहे, त्यांनी फोनवरच पेढे मागितले.

तर काका, आता उठलात तरी चालेल. वाट कुणाच्या हातात आहे ते तुम्हाला कळलं. ती राहीच्या हातात आहे, आणि राहीच्या गोळ्या कुणाच्या हातात आहेत ते तुम्ही ठरवायचं. तिला वेळेवर गोळी देण्याचं काम यापुढे तुम्ही स्वतः कराल अशी मला पक्की खात्री आहे. तुमच्या मायेवर माझा विश्वास नाही, कलमांवर आहे.

कलम ६. झुडूप तोडू नये. आपण औषध आहोत असं ते कधी म्हणालं नव्हतं. काकांनी त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासून ठेवलेला दगड काढून परत गडग्यात बसवावा, तिथलाच आहे तो.

राही, गोळ्यांनी मळमळतंय ते दवाखान्यात सांग, ते बघतील. आज द्वादशी. हा कागद पोचेल तेव्हाही झुडपावर फळं असतील. आधी गोळी घे. मग आई करायची तशी भाजी कर, दोन पाणी काढून. काकांनाही वाढ, भाजीचं नाव विचारून.

हे सर्व मी वाचून बघितलं, बरोबर आहे, खाडाखोड माझीच आहे.

सही: रितेश अनिल शितप

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही केली आणि ज्यांना यातलं काही मिळणार नाही:
१. दर्शन डोर्लेकर, राहणार जयगड, माझ्याच क्रेनवर काम करतो
२. बाबाजी ऊर्फ बाबल्या मेस्त्री, मेसचा आचारी

ठिकाण: बंदर कामगार वसाहत, कच्छ
तारीख: ७ जुलै २०२५, आषाढी द्वादशी