एकाग्रता असामान्य

"ताई, हाक मारली तरी ही बघत नाही गं."

सोळा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीने बालवाडीच्या फाटकात उभे राहून म्हटलेले हे वाक्य मी माझ्या मृत्युपत्राच्या सुरुवातीला लिहीत आहे. वकीलसाहेबांना ते पसंत नाही. "बाई, आधी घर, मग ठेवी. वाक्यं कोणी वारशात देतं का?" असे ते म्हणाले. मी म्हटले, माझ्याकडे त्याहून जड काही नाही.

मी, वय अठ्ठेचाळीस, अविवाहित, तेवीस वर्षे याच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत बालवाडी चालवणारी शिक्षिका. आजार शरीरात आहे. डोके शाबूत आहे, आणि तसे डॉक्टरांनी सोबतच्या दाखल्यात लिहून दिले आहे. पुढचे सर्व मी माझ्या मर्जीने, कोणाच्या दडपणाखाली न येता लिहिते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. हे राहते घर, अंगणासह, माझ्या भाचीला म्हणजे धाकटीच्या मुलीला मिळावे. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण चालायला लागल्यापासून ती स्वतःभोवती फिरत असे. आता ती एकोणीस वर्षांची आहे आणि सुतारकाम शिकते. पुढच्या दोन खोल्या आणि अंगण मात्र, माझ्या मदतनीस काकूंना बालवाडी चालवावीशी वाटेल तोवर, बालवाडीकडेच राहतील. भाचीला हे मी आधी विचारले आहे. मी मोठ्याने विचारू लागले तेव्हा ती म्हणाली, "मावशी, ओरडू नकोस. उजेडाकडे तोंड करून बोल, ओठ दिसू देत." मग सगळे समजून घेऊन म्हणाली, "राहू दे की शाळा. मुलं गोंगाट करतील, त्याचा मला काय त्रास?" आणि स्वतःच खुदकन हसली. मला हसता आले नाही.

२. ज्यांना मुले काकू म्हणतात त्या माझ्या मदतनीस अठरा वर्षे माझ्यासोबत आहेत. शिक्षण चौथीपर्यंत. भिंगरी तीन वर्षांची असताना त्या स्वयंपाकघरातून येऊन मला म्हणाल्या, "बाई, मी पोरीच्या मागे ताट आपटलं. पापणीसुद्धा हलली नाही." मी म्हटले, "काकू, आपल्याकडे मुलांना दचकवत नाहीत." त्या ताट उचलून आत गेल्या. सव्वा वर्षाने कानाच्या डॉक्टरांनी यंत्रे लावून जे सांगितले, ते काकूंनी एका ताटात ओळखले होते. माझे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र चौकटीसह त्यांना द्यावे. आतला कागद काढून तिथे काय लावायचे, ते त्यांचे त्यांनी ठरवावे.

३. रोज दुपारी मुले गेल्यावर मी प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहीत आले. निरीक्षणाच्या अशा सेहेचाळीस वह्या आहेत. त्या शिक्षिका घडवणाऱ्या संस्थेला द्याव्यात. त्यातली चौदावी वही देऊ नये. ती धाकटीला द्यावी. तिच्या एका पानावर लिहिले आहे: "भिंगरी ठोकळे रचत होती. शेजारी पत्र्याच्या डब्यांची चळत कोसळली. सगळी मुले दचकून वळली. हिने मानसुद्धा वर केली नाही. एकाग्रता असामान्य."

हे पान मला इतके आवडले की मी ते शिक्षिकांच्या शिबिरांत वाचून दाखवू लागले. मूल आपापल्या टप्प्याने वाढते, त्याला ओढू नये, ते कामात बुडाले की मध्येच टोकू नये, हे समजावायला याहून चांगले उदाहरण माझ्याकडे नव्हते. चौथ्या शिबिरात मागच्या बाकावरच्या एका नवख्या मुलीने हात वर केला. "बाई, तिचे कान तपासलेत का?" कोणीतरी हसले. मी वही मिटली. त्याच आठवड्यात भिंगरीला कानाच्या डॉक्टरांकडे नेले.

धाकटीला पहिल्यापासूनच डॉक्टरांकडे जायचे होते. मीच अडवले. "प्रत्येक मूल आपल्या वेळेनं बोलतं. तू आधीच घाबरट, उगाच तिला घाबरवू नकोस," असे म्हणाले होते. भिंगरीला कानाचे यंत्र बसवून परतताना धाकटी मला एवढेच म्हणाली, "तू रोज बघत होतीस ना, ताई? लिहूनसुद्धा ठेवत होतीस." त्यानंतर ती या घरात आलेली नाही. लेकीला सोडायला फाटकापर्यंत येते आणि तिथूनच वळते.

४. भिंतीवर विकासाच्या टप्प्यांचा तक्ता आहे. मूल कधी बसते, कधी बोलते, दुसऱ्याच्या मनातले त्याला कधी उमगू लागते, असे सगळे त्यावर आहे. तो फाडू नये. त्यातले काही खोटे नाही. त्याच्याच जोरावर मी कितीतरी मुलांना छडीपासून आणि घोकंपट्टीपासून वाचवले. मात्र तो आता दर्शनी भिंतीवर नको, कपाटाच्या दाराला आतून लावावा. आधी मूल बघावे, मग कपाट उघडावे. मी उलटे करत होते.

५. दादाला पंचवीस पाट्या. "तीन वर्षांची पोरं नुसती वाळूत खेळतात, त्याला शाळा म्हणतेस?" असे म्हणून त्यानेच त्या आणून दिल्या होत्या. सुतळी अजून सोडलेली नाही. दादा, याबाबतीत मी आजही तुझे ऐकणार नाही. मी चुकले ते वाळूमुळे नव्हे.

६. बँकेतील ठेवींपैकी अर्धा भाग काकूंना द्यावा. उरलेल्यातून बालवाडीत येणाऱ्या प्रत्येक मुलाचे कान आणि डोळे पहिल्याच महिन्यात तपासून घ्यावेत. आईबाप म्हणतील, आमचे मूल धडधाकट आहे. तरीही तपासावेत.

या सगळ्याची अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी. मजकूर मी स्वतः वाचला आहे. सही दोन्ही साक्षीदारांच्या देखत केली, आणि त्यांनी माझ्या देखत.

सही: बालवाडीच्या बाई
साक्षीदार पहिले: माझ्यावर उपचार करणारे डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई (सही)
ठिकाण: राहते घर, पुढची खोली, मुलांचे बुटके टेबल
दिनांक: सोमवार, शाळा उघडायला आठवडा असताना

वकीलसाहेब म्हणाले, सहीखाली लिहिलेले कोणावर बंधनकारक नसते. म्हणून हे इथे लिहिते.

धाकटे, त्या शिबिरानंतर मी दर वर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी एक काम करते. मुलं खेळात रमली की एकेकाच्या मागे जाऊन उभी राहते आणि हलकेच एक टाळी वाजवते. जे वळतं त्याच्याकडे बघून हसते. जे वळत नाही त्याच्या आईला त्याच दिवशी गाठते. इतक्या वर्षांत दोनच मुलं वळली नाहीत. त्यातला एक खरंच खेळात बुडालेला निघाला. दुसरीला वेळेवर यंत्र मिळालं.

काकू हे करतील, पण मुलं त्यांना बघितल्याबरोबर पळत येऊन बिलगतात. त्यांना मागे उभं राहता येत नाही. आणि भिंगरीच्या बाबतीत सगळ्यांत आधी तुलाच दिसलं होतं, कसलाही तक्ता न वाचता, फाटकातून.

तू नाही म्हणशील, हे मला माहीत आहे. तुझ्या जागी मी असते तर मीही आत आले नसते. तरी विचारते. मी नसेन त्या पहिल्या वर्षी, शाळेच्या पहिल्या दिवशी, फाटक उघडून आत ये, आणि ती टाळी तू वाजव.